कड्यापासून एका दिवसाच्या अंतरावर

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, आष्टी तालुक्यात, अहिल्यानगरहून जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडा हे बाजारपेठेचे गाव वसलेले आहे. आजूबाजूच्या खेड्यांचा कापडचोपडापासून किराण्यापर्यंतचा सारा व्यवहार येथे चालतो, आणि कांद्याच्या बाजारामुळे कड्याचे नाव दूरवरच्या आडत्यांनाही ठाऊक असते. अशा गावातील व्यापारी कुटुंबाला सुट्टी हा शब्द फारसा परिचयाचा नसतो. आठवडी बाजार, लग्नसराई, पेरणीचा हंगाम, दिवाळी. जेव्हा इतरांना मोकळीक असते नेमकी तेव्हाच दुकानात गर्दी असते. शटर उघडणे आणि शटर ओढणे यांच्या मधल्या वेळात घरातील लहान मुले मोठी होतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावी आठ दिवस, एखाद्या वर्षी पालिताणा किंवा राजस्थान, आणि पुण्याला नातेवाईकांकडे गेल्यावर तेथील मॉल, इतकाच बहुतेकांच्या बालपणीचा प्रवास. उरलेला वेळ अलीकडे मोबाईलच्या पडद्यावर जातो.

‘आपल्या गावात मुलांना दाखवण्यासारखे आहे तरी काय?’ हा प्रश्न म्हणूनच घरोघरी ऐकू येतो. प्रश्न विचारणाऱ्याच्या स्वरात उत्तर आधीच ठरलेले असते. परंतु या प्रश्नाकडे थोड्या वेगळ्या रीतीने पाहता येईल. सकाळी नवकारसी पाळून निघायचे आणि चौविहाराच्या आत घरी परतायचे, एवढी एकच मर्यादा घालून कड्याभोवती एक वर्तुळ काढावे. वैशाखात सूर्यास्त सातच्या सुमारास होतो, मार्गशीर्षात सहाच्या आसपास. त्यानुसार वर्तुळ थोडे मोठे किंवा लहान होईल. मुक्काम नाही, हॉटेल नाही, रात्रीचे जेवण बाहेर नाही. ज्या नियमांमुळे प्रवास अवघड होतो असे अनेकांना वाटते, तेच नियम येथे सहलीची आखणी करून देतात. या वर्तुळात काय काय येते, याची यादी पाहिली तर कड्याच्या पालकांनाही नवल वाटेल.

पहिली सहल गावातच करावी, आणि ती बाजार समितीच्या आवारात. लिलावाच्या सकाळी तेथे येणाऱ्या गाड्या, कांद्याचे ढीग, हातात माल घेऊन पारख करणारे खरेदीदार, भावाची बोली, वजनकाटा, पट्टी आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम, हे सारे दहा-बारा वर्षांच्या मुलाने एकदा आरंभापासून अखेरपर्यंत उभे राहून पाहावे. ज्या घरांच्या ताटात कांदा येत नाही, त्या घरांतील मुलांनीही तो पिकवणाऱ्याचा चेहरा पाहिलेला असावा. भाव पडलेल्या दिवशी तर अवश्य पाहावा. हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा जाता हातात काय उरले, हे शेतकऱ्याच्याच तोंडून ऐकलेला मुलगा उद्या दुकानाच्या गादीवर बसेल तेव्हा उधारी मागताना त्याची भाषा निराळी असेल.

लहान मुलांसाठी याच बाजारात एक खेळ करता येतो. पाठशाळेत चोवीस तीर्थंकरांची लांछने पाठ करून घेतली जातात. वृषभ ऋषभदेवांचा, महिष वासुपूज्यस्वामींचा, बोकड कुंथुनाथांचा. मुले हे शब्द घोकतात, पण चित्रापलीकडे त्यांचा संबंध जाणवत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी बैल, म्हैस आणि शेळी ही तिन्ही एका फेरीत दिसतात. वर्षभराच्या सहलींत एकूण किती लांछने प्रत्यक्ष दिसली, याची नोंद मुलांनी वहीत ठेवावी. घोड्यासाठी एखादी वरात गाठावी लागेल, शंख आणि कलश घरातच सापडतील, आणि हरणासाठी थोडा प्रवास करावा लागेल. त्याचे ठिकाण पुढे येईलच.

गावातच पाहण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे शिक्षणसंस्था. अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाचे नाव कड्यात लहानथोरांच्या तोंडी असते. पण ‘अमोलक’ या शब्दामागे कोण आहे, हे किती मुलांना सांगता येईल? आचार्य अमोलकऋषीजी महाराजांनी स्थानकवासी परंपरेला मान्य असलेल्या बत्तीसही आगमांचा हिंदी अनुवाद केला आणि प्राकृत न जाणणाऱ्या श्रावकांसाठी ज्ञानाचे दार उघडले. ज्ञानपंचमीला पुस्तकांचे पूजन करताना ही माहिती मुलांना द्यावी, आणि शक्य झाल्यास त्या अनुवादाचा एखादा जुना खंड त्यांच्या हातात द्यावा. त्यासाठी गावाबाहेरही जावे लागत नाही.

गावाबाहेरची पहिली सहल मात्र आगगाडीनेच करावी. कड्याला आज रेल्वे स्थानक आहे, हे लहान मुलांना स्वाभाविक वाटते. त्यांच्या आजोबांना अजूनही वाटत नाही. अहमदनगर–बीड–परळी या 261 किलोमीटरच्या मार्गाची मागणी कित्येक पिढ्यांनी केली. मंजुरी मिळून काम रेंगाळले, आणि अखेर 23 सप्टेंबर 2022 रोजी नगर ते आष्टी या 66 किलोमीटरच्या टप्प्यावर प्रवासी गाडी सुरू झाली. पुढे 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरापर्यंत गाडी पोहोचली. ज्यांनी आयुष्यभर एस.टी.च्या थांब्यावर उभे राहून नगर गाठले, त्या दादीजींना नातवंडांसह या गाडीत एकदा बसवावे. गाडीच्या वेळा बदलत असतात, तेव्हा त्या आदल्या दिवशी पाहून घ्याव्यात आणि परतीची गाडी सोयीची नसेल तर रस्त्याने यावे.

या प्रवासात खिडकीतून दिसते ते ज्वारीचे, तुरीचे आणि कांद्याचे माळरान. डोळे दिपवणारे दृश्य नाही. म्हणून वाटेत मुलांना एक गोष्ट सांगावी. आज ज्या ठिकाणी एका जिल्ह्याची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते, तेथे एकेकाळी दोन राज्ये भेटत होती. आष्टी तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि नगर इंग्रजी मुलुखात. सीमेवर संस्थानचे करोडगिरीचे नाके होते आणि मालावर जकात द्यावी लागे. नाणेही वेगळे. संस्थानात हाली सिक्का चाले, नगरच्या पेठेत कलदार रुपया. सहा कलदार म्हणजे सात हाली, असा साधारण हिशेब होता. म्हणजे शंभर कलदारांचा माल नगरहून आणायचा तर हाली नाण्यात किती मोजावे लागतील? मुलांना हे गणित कागद न घेता करायला सांगावे. एकशे सोळा रुपये, दहा आणे आणि आठ पै, असे उत्तर आजोबांनी आण्या-पैशांत सांगितले, की आणे म्हणजे काय आणि पै म्हणजे काय, या प्रश्नांवर नगर केव्हा आले ते कळणार नाही.

याच गोष्टीचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. 15 ऑगस्ट 1947 रोजी नगर स्वतंत्र झाले. आष्टी तालुका झाला नाही. त्यासाठी 17 सप्टेंबर 1948 पर्यंत, म्हणजे तेरा महिने वाट पाहावी लागली. शाळेत दरवर्षी 17 सप्टेंबरला होणारे ध्वजारोहण मुलांना एरवी सुट्टीच्या दिवशीची हजेरी वाटते. ही सीमा गाडीतून ओलांडताना त्या दिवसाचा अर्थ त्यांना एका वाक्यात समजतो.

नगरमध्ये जैन कुटुंबांची पावले प्रथम आनंदधामकडे वळतात. आचार्य आनंदऋषीजी महाराजांचे 28 मार्च 1992 रोजी नगर येथे देवलोकगमन झाले. त्यांचा जन्म 27 जुलै 1900 रोजी चिचोंडी येथे झाला आणि वयाच्या तेराव्या वर्षी, मिरी या गावी, त्यांनी दीक्षा घेतली. 1964 मध्ये ते श्रमण संघाचे आचार्य झाले, आणि 2002 मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ही माहिती मुलांना ठाऊक असते. चिचोंडी, मिरी आणि पाथर्डी ही गावे आपल्या इतकी जवळ आहेत, हे मात्र अनेकदा ठाऊक नसते. पाथर्डीचे तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड ही संस्था तर घराघरांतील प्रमाणपत्रांवरून परिचित आहे. ज्या मुलाने त्या बोर्डाची परीक्षा दिली, त्याला पाथर्डी आणि चिचोंडी अशी एका दिवसाची स्वतंत्र सहल बक्षीस म्हणून द्यावी. येथे एक सूचना आवश्यक आहे. नगर–जामखेड रस्त्यावर लागते ती चिचोंडी पाटील. आचार्यश्रींचे जन्मगाव ते नव्हे. ते पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी शिराळ. गाडीचालकाला निघतानाच नीट सांगितले म्हणजे फेरा पडत नाही.

नगरमधील दुसरे ठिकाण मुलांचे विशेष आवडते ठरते, आणि तेच पालकांना थोडे विचारात पाडते. लष्कराच्या चिलखती दलाने 1994 मध्ये उभारलेल्या रणगाडा संग्रहालयात देशोदेशींचे रणगाडे आणि चिलखती गाड्या मांडलेल्या आहेत. 1965 च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन रणगाडाही तेथे पाहायला मिळतो. अहिंसा हा ज्यांच्या धर्माचा पाया, त्यांनी मुलांना शस्त्रे दाखवायला न्यावीत काय? न्यावीत, आणि बोलण्याची तयारी ठेवून न्यावीत. मुले रणगाड्यापुढे उभी राहून ‘यात बसलेल्या माणसांचे पुढे काय झाले?’ असे विचारतात. हा प्रश्न टाळू नये. सीमेचे रक्षण करणाऱ्याविषयी कृतज्ञता आणि हिंसेविषयी खेद, या दोन भावना एकाच मनात राहू शकतात, हे मुलांना व्याख्यानापेक्षा अशा ठिकाणी लवकर उमगते. परिसर लष्करी असल्याने मोठ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवावे.

नगरचा भुईकोट किल्लाही याच दिवसात बसतो. तोही लष्कराच्या ताब्यात असल्याने प्रवेशाची चौकशी आधी करावी. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेसच्या नेत्यांना येथे बंदिवासात ठेवले गेले. पंडित जवाहरलाल नेहरूंनी भारताच्या इतिहासावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ 1944 मध्ये याच किल्ल्यात लिहिला, आणि मौलाना आझाद यांची पत्ररूप उर्दू रचना ‘गुबार-ए-खातिर’ही येथलीच. पाच महिन्यांत, तुरुंगात बसून एवढा मोठा ग्रंथ लिहिला गेला, हे ऐकल्यावर सुट्टीतील अभ्यासाची तक्रार करणारी मुले क्षणभर गप्प होतात. वेळ उरल्यास पाथर्डी रस्त्यावरील डोंगरावरचा, लोक ज्याला चांदबिबी महाल म्हणतात तो सलाबतखानाचा अष्टकोनी मकबरा पाहावा. नाव एकाचे आणि वास्तू दुसऱ्याची, ही गंमत मुलांना फार आवडते.

कड्याच्या दुसऱ्या दिशेला, जामखेडच्या बाजूला, वर्तुळाचा उरलेला अर्धा भाग आहे. जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव. 31 मे 1725 हा त्यांचा जन्मदिवस. त्यांच्या जन्माची तीनशे वर्षे 2025 मध्ये पूर्ण झाली. काशीपासून सोमनाथपर्यंत घाट, मंदिरे आणि धर्मशाळा बांधणारी ही स्त्री आपल्याच शेजारच्या तालुक्यातील, हे मुलींना विशेष आवर्जून सांगावे. राज्याचा खर्च आणि स्वतःचा खासगी खर्च वेगळा ठेवण्याची त्यांची शिस्त व्यापारी घरांना समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच तालुक्यात खर्डा आहे. गावालगत निंबाळकरांनी बांधलेला चौकोनी भुईकोट उभा आहे. 11 मार्च 1795 रोजी याच परिसरात पेशवे आणि निजाम यांच्यात लढाई झाली. सवाई माधवराव पेशव्यांचे सैन्य, नाना फडणविसांचे धोरण, परशुरामभाऊ पटवर्धनांचे सेनापतिपद आणि शिंदे, होळकर, भोसले या सरदारांची एकजूट यांमुळे निजामअलीला खर्ड्याच्या कोटाचा आश्रय घ्यावा लागला, आणि तह झाला. दौलताबादसह मोठा मुलूख आणि तीन कोटी रुपये देण्याचे निजामाने कबूल केले. आता या तहाचा पुढचा हिशेब मुलांना काढायला लावावा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पेशव्यांचे निधन झाले, वारसाचा वाद पेटला, आणि पाठिंबा मिळवण्याच्या गरजेपोटी 1796 मध्ये नाना फडणविसांनी खर्ड्याला मिळवलेले बरेचसे निजामाला परत दिले. वहीत जमा दाखवलेले येणे वसूल होत नाही तोवर ते आपले नसते, हे दुकानात शंभरदा सांगून जे पटत नाही ते कोटाच्या बुरुजावर बसून पटते. घरात भांडण लागले की बाहेरचे येणे बुडते, हा दुसरा धडा मोठ्यांनी आपल्यापुरता घ्यावा.

जामखेडहून बीडच्या रस्त्याला लागले की पाटोदा तालुक्यात सौताडा येते. विंचरणा नदीचे पाणी तेथे कड्यावरून खोल दरीत पडते आणि खाली रामेश्वराचे मंदिर आहे. पावसाळ्यात धबधबा भरात असतो, आणि येथेच जैन कुटुंबांपुढे खरी अडचण उभी राहते. चातुर्मास सुरू असतो, पायाखाली हिरवळ आणि दगडांवर लीलण-फुलण असते. प्रत्येक पावलागणिक विराधना. मुले हट्ट धरतात, शेजारची मुले जाऊन आलेली असतात. अशा वेळी नुसते ‘नाही’ म्हणण्याऐवजी कारण सांगावे आणि तारीख द्यावी. कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या मोकळ्या दिवशी जाऊ, असे सांगून तो शब्द पाळावा. तोवर पाण्याचा जोर ओसरलेला असतो, वाट सुकू लागलेली असते आणि पावसाळ्यात घसरून होणारे अपघातही टळतात. जो संयम धर्माने सांगितला तोच सुरक्षिततेनेही सांगितला आहे, हे मुलांच्या लक्षात येते. दिलेली तारीख मोडली तर मात्र उलटाच धडा मिळतो.

पाटोदा तालुक्यातच नायगावचे मयूर अभयारण्य आहे. 1994 मध्ये घोषित झालेल्या या सुमारे 30 चौरस किलोमीटरच्या झुडपी रानात मोर पाहायचे तर सकाळ लवकर गाठावी लागते आणि शांत राहावे लागते. पावसाळा संपता संपता मोराची पिसे आपोआप गळतात. दिगंबर मुनींची पिच्छी अशा गळून पडलेल्या पिसांचीच असते, हेही मुलांना सांगावे. उपकरण कोणाला पीडा न देता कसे मिळवावे, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आणि हरिण? ते नगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, रेहेकुरीला. 1980 मध्ये स्थापन झालेले हे काळवीट अभयारण्य अवघे 2.17 चौरस किलोमीटरचे आहे. एखाद्या मोठ्या शिवाराएवढे. पीळदार शिंगांचा काळा नर, बदामी रंगाच्या माद्या आणि त्यांच्यामागून उड्या मारत जाणारी पाडसे हिवाळ्याच्या सकाळी उघड्या माळावर दिसतात. शांतिनाथ प्रभूंच्या मूर्तीखाली कोरलेले हरिण येथे श्वास घेताना, कान टवकारताना, दचकून पळताना दिसते. ज्यांनी जीवदयेचे पाठ घोकले आहेत, त्यांना भय म्हणजे काय हे त्या दचकण्यात दिसते. मग गाडीचा भोंगा वाजवू नये, ओरडू नये, खडा मारू नये, हे सांगावे लागत नाही.

या साऱ्या सहलींचा खर्च फार नाही. दशम्या, खाकरे, शेव, भाजके पोहे आणि पक्के पाणी घरून न्यावे. जिन्नस मोजकेच असले म्हणजे उरत नाहीत आणि फेकले जात नाहीत. प्रत्येक मुलाने एक लहानशी वही बाळगावी. डाव्या पानावर जमा-खर्च, म्हणजे मिळालेले पैसे, भाडे, तिकीट आणि शिल्लक. उजव्या पानावर पाहिलेले, ऐकलेले आणि न कळलेले. संध्याकाळी प्रतिक्रमणापूर्वी शिल्लक जुळली पाहिजे, आणि न कळलेल्या प्रश्नांपैकी एकाचे तरी उत्तर मोठ्यांनी शोधून दिले पाहिजे. मोबाईल एकाच मोठ्या माणसाकडे असावा, वाट आणि वेळ पाहण्यापुरता.

खर्च आहे तो वेळेचा. दुकान बंद ठेवणे हा व्यापाऱ्याला सर्वांत महाग वाटणारा खर्च. त्यावर एकत्र कुटुंबांत उपाय आहे. महिन्यातून एक दिवस एका भावाने दुकान पाहावे आणि दुसऱ्याने दोन्ही घरांची मुले न्यावीत. पुढच्या महिन्यात पाळी बदलावी. घरातील स्त्रियांनी आदल्या रात्री डबे भरण्यासाठी जागावे आणि सहलीच्या दिवशी घरीच राहावे, अशी वाटणी मात्र नसावी. गाडीत पहिली जागा त्यांची. दुकानातील मुनीम आणि हमाल यांच्या मुलांनाही बरोबर घ्यावे. वर्षानुवर्षे ज्यांच्या कष्टावर पेढी चालते, त्यांच्या मुलांनी रेहेकुरीचे हरिण का पाहू नये? शिवाय आठ-दहा मुले असली म्हणजे खेळ रंगतो आणि गाडीचे भाडेही वाटले जाते.

हे सारे लवकर करणे आवश्यक आहे, कारण त्यासाठी उपलब्ध वर्षे थोडी आहेत. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत दिवसभराचा प्रवास त्याला झेपत नाही. दहावीनंतर बहुतेक मुले शिक्षणासाठी पुण्याला जातात. मध्ये उरतात ती आठ वर्षे. महिन्याला एक सहल धरली तरी चातुर्मासाचे चार महिने, परीक्षा, लग्ने आणि हंगाम वजा जाता वर्षाकाठी पाचाहून अधिक सहली होत नाहीत. आठ वर्षांच्या चाळीस. एवढेच भांडवल आहे. पुण्यात गेलेल्या मुलाला कोणी ‘तुझे गाव कोणते?’ असे विचारले, तर ‘नगरच्या पुढे, छोटेसे आहे’ असे पुटपुटून तो विषय बदलतो, याचे कारण गाव लहान आहे हे नव्हे. त्याला ते कधी दाखवले गेले नाही, हे आहे. ज्याने आजोबांच्या शेजारी बसून हालीचा हिशेब केला, चौंडीचा वाडा पाहिला आणि चिचोंडीची वाट तुडवली, त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. तो कड्याला परत येईल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. परंतु जेथे राहील तेथे आपण कोठून आलो हे त्याला ठाऊक असेल.

येत्या रविवारी दुकान कोणी पाहायचे, हे भावांनी आज रात्रीच ठरवावे.